दोरीच्या टोकाला रेडा नाही

तैवानमधल्या शिंचूच्या एका कारखान्यात श्यू म्येन-लिंगचा जीव सकाळपासून एक डबी खात होती. एकट्या म्हाताऱ्यांच्या उशाशी ठेवायची मदतीची घंटा. वीज जाऊन आली की तिनं आपसूक जागं व्हायचं. पण हाक बाहेर पोचवणारी आतली रेडिओची चिप कधी उठे, कधी नाही. वादळात कुणी पडलं, बटण दाबलं आणि घंटा मुकीच राहिली तर?

"लिंग-जिए, अहो ताई, चूक तुमच्या ड्रायव्हरचीच," बोर्ड आखणारा लाओ-चौ तिनं लिहिलेल्या, चिप चालवणाऱ्या प्रोग्रॅमकडे बोट दाखवत म्हणाला. त्यानं विजेच्या लहरी दाखवणाऱ्या ऑसिलोस्कोपची सुई चिपला रोखून धरणाऱ्या रीसेटच्या तारेला टेकवली, वीज दिली. डबी शहाण्या लेकरासारखी उठली.

"तुझ्यापुढे साळसूद, माझ्यापुढे आडमुठी!"

आधी वीज, मग चिपच्या घड्याळाचे ठोके, ते स्थिरावेपर्यंत रीसेट दाबून धरायचा, मग सोडायचा. लिनक्सच्या ड्रायव्हरमध्ये तिनं हाच क्रम लिहिला होता. वाचून वाचून डोळे शिणले. पूर्वी बोर्डवाले आणि ड्रायव्हरवाले एका टेबलावर जेवत, भांडणं भाताबरोबरच संपत. आता मजले वेगळे, साहेब वेगळे.

"सुई काढ," ती म्हणाली.

"कशाला?"

"म्हाताऱ्यांच्या घरी सुई धरून उभा राहणार आहेस?"

त्यानं काढली. डबी ढिम्म. पुन्हा टेकवली, उठली.

"सुईच्या विजेच्या भारानं रीसेट किंचित उशिरा सुटतो, तेवढ्यात ठोके स्थिरावतात," ती म्हणाली. "पण धरून ठेवायला माझा ड्रायव्हर आहे ना? नकाशा काढ."

लाओ-चौनं बोर्डाचा नकाशा उघडला आणि मान खाजवू लागला. आखणीच्या शेवटच्या फेरीत जागा वाचवायला त्यानं रीसेट थेट विजेला जोडला होता; वीज येताच तो सुटे, ठोके स्थिरावायच्या आधीच. ड्रायव्हरची तार कुठंच जात नव्हती.

"म्हणजे इतके दिवस मी दोरी ओढतेय आणि टोकाला रेडाच नाही!"

"मग आधी ठोके द्या, नंतर वीज."

"वीज नसलेल्या उपाशी चिपमध्ये ठोके घालू? जाळायचीय का?"

"साहेब म्हणतात, माल आजच पाठवा. घंटा अडली तर प्लग काढून लावा, असं सोबतच्या सूचनांच्या कागदावर छापू."

"जमिनीवर पडलेली बाई उठून प्लग काढणार? डोकं कुठं ठेवलंय तुम्ही सगळ्यांनी?"

माल पाठवायच्या मंजुरीवर तिचा शिक्का बाकी होता. लाल शाईची डबी उघडीच होती. तिनं शिक्क्यावरची शाई पुसली आणि तो पर्समध्ये टाकला.

"प्रत्येक बोर्डावर तार जोड. मग शिक्का."

लाओ-चौ पुटपुटत तारेला डाग द्यायची सळई तापवू लागला. "साहेबांना कोण सांगणार?"

"तू. बोर्ड कुणाचाय?"