'चपळ'चा खुलासा

कानावरचा हेडफोन सारखा करून शिवानीने खुलासा वाचायला सुरुवात केली.

"नमस्कार. 'चपळ'बद्दल सध्या गैरसमज पसरवले जात आहेत. पडद्यावर दिसणारा लाल आकडा हा आपल्या कॉम्प्युटरमधला बिघाड नसून, ती केवळ संभाव्य सुधारणांची सूचना..."

"थांब पोरी," पलीकडून मल्लिनाथकाका म्हणाले. "हे तू बोलतीस का कुनी लिहून दिलंय?"

शिवानीने कागद खाली ठेवला.

गेवराईतल्या घराच्या माडीवर बसून ती पुण्याच्या एका कंपनीसाठी फोन घ्यायची. कॉम्प्युटर साफ करून वेगवान करणारं 'चपळ' नावाचं सॉफ्टवेअर ही कंपनी विकत असे. ते चालू केलं की लाल अक्षरांत बिघाडांचा आकडा यायचा. माणसं घाबरून फोन करायची. शिवानी कोणतं बटण दाबायचं ते सांगायची, आकडा शून्यावर यायचा आणि काही दिवसांनी पुन्हा चढायचा. आई-वडील गेल्यानंतर भाऊ राजेश्वर संभाजीनगरला राहायला गेला होता. खालचं वडिलांचं दुकान तेव्हापासून बंदच होतं. दिवसभरात तिच्याशी बोलणारी माणसं ही अशी, घाबरलेली नाहीतर चिडलेली. आकडा गेला की फोन ठेवणारी.

मल्लिनाथकाका मात्र आकडा गेला तरी फोन ठेवत नसत. नांदूरघाटला स्टँडसमोर त्यांचं सरकी-पेंडीचं दुकान होतं. पेंडीचा भाव, व्यायला झालेली म्हैस, केजच्या रस्त्यावरचे खड्डे, असं काहीही ते बोलत राहायचे. त्यांच्या आवाजामागे कसलाच आवाज नसायचा. ना माणसाचा, ना गाडीचा. अंधाऱ्या खोलीत एकटा बसलेला म्हातारा तिच्या डोळ्यांसमोर यायचा आणि मग तीही फोन लांबवायची. बिचाऱ्याला तेवढाच आधार, असं तिला वाटे.

मागच्या आठवड्यात एका तरुणाने खोक्यातून काढलेल्या नव्याकोऱ्या कॉम्प्युटरवर 'चपळ' चालवून त्याचा व्हिडिओ टाकला. कोऱ्या कॉम्प्युटरवरही लाल आकडा चढला. लोक खवळले. कंपनीने खुलासा तयार केला आणि तिचे साहेब, अभिमन्यू, यांनी तो सगळ्या गिऱ्हाइकांना वाचून दाखवायला सांगितला. एक शब्दही इकडचा तिकडे करायचा नाही.

"पोरी, हायस का?"

"आहे काका."

"खरं सांग. माझ्या मशिनीत कदी काय बिघडलं व्हतं का?"

फोन रेकॉर्ड होतो हे तिला ठाऊक होतं. तिने खिडकीकडे पाहिलं. समोरच्या गच्चीवर कुणाच्या तरी साड्या वाळत होत्या.

"नाही काका. काहीच बिघडलं नव्हतं."

"बरं," काका एवढंच म्हणाले. मग त्यांनी नेहमीसारखं विचारलं, "जेवलीस का?"

दुसऱ्या दिवशी अभिमन्यूंचा फोन आला. आवाज चढलेला नव्हता.

"शिवानी, ऐकलं मी रेकॉर्डिंग. लिहिलेलं होतं ना सगळं?"

"हो सर."

"मग?"

शिवानीने तो कागद उचलून खणात टाकला. त्यांनी पुन्हा विचारलं नाही.

पण खुलाशाने लोक शांत झाले नाहीत. शेवटी कंपनीने जाहीर माफी मागितली, 'चपळ' सुधारलं आणि लाल आकडा काढून टाकला. आता सगळ्यांच्या पडद्यावर हिरव्या अक्षरांत 'आपला कॉम्प्युटर उत्तम आहे' असं येऊ लागलं. कुणी घाबरेना. कुणी फोन करेना. महिनाअखेरीस कंपनीने मदतीचा नंबरच बंद केला आणि हेडफोन कुरिअरने परत मागवून घेतला.

त्यानंतर काही दिवस शिवानी माडीवर नुसतीच बसून राहिली. मग तिला नांदूरघाटच्या म्हाताऱ्याची काळजी वाटायला लागली. आता तो कुणाशी बोलत असेल? एका सकाळी तिने अर्धा किलो पेढे घेतले आणि बीडची एसटी पकडली. तिथून नांदूरघाटची.

दुकान लगेच सापडलं. दारात टेम्पो उभा होता, दोघं जण पोती उतरवत होते, गिऱ्हाइकं भावावरून हुज्जत घालत होती. मागे लागूनच घर होतं. आत कुकरच्या शिट्ट्या, टीव्ही, पोरांचं भांडण. गल्ल्यावर कपाळाला भस्म लावलेल्या एक ठसठशीत बाई बसल्या होत्या.

"मल्लिनाथकाका आहेत का?"

"केजला गेलेत, येतेल आत्ता. कोन गं तू?"

"मी शिवानी. ते 'चपळ'वाल्या कंपनीत..."

बाई उठल्याच. "आगं बया! कॉम्पुटरवाली पोरगी ती तूच का? मी महानंदा, त्यांची मालकीन."

शिवानी गोंधळून आतल्या गर्दीकडे पाहत राहिली. "काका फोन करायचे तेव्हा एवढी शांतता असायची..."

"हितं गलक्यात काय आयकू येतंय? फोन घिऊन मागल्या गोदामात जाऊन बसायचे."

"पण कॉम्प्युटर तर चांगला होता त्यांचा."

"ते म्हाईतच हाय की. आमच्या शिवशंकरनं, थोरल्यानं, कवाच सांगितलं व्हतं, बाबा, ते लाल-बिल सगळं खोटं हाय म्हनून."

"मग फोन कशाला करायचे?"

महानंदाबाईंनी पदर सावरला. त्या सहज सांगून गेल्या, पेंडीची किंमत सांगावी तसं.

"म्हनायचे, त्या पोरीच्या मागं कदी भांडं वाजलेलं आयकू येत न्हाई. एकलीच असती वाटतं. दोन शब्द बोललं तर आपलं काय जातंय?"

शिवानीच्या हातात पेढ्यांची पिशवी तशीच होती. एका गिऱ्हाइकाने तिला बाजूला व्हायला सांगितलं. ती झाली. समोर बीडची गाडी लागत होती. ती दोन पावलं तिकडे वळलीही.

"कावून गं? कुठं चाललीस?" महानंदाबाईंनी तिच्या हातातली पिशवी काढून घेतली आणि आत सुनेला हाक दिली, "धाकटे, एक ताट वाढ गं!"

गाडी भरली, निघून गेली. शिवानीने उंबऱ्याशी चपला काढल्या. आत तिला पोरांच्या ओळीत बसायला जागा करून दिली. महानंदाबाई समोर बसल्या. भाकरी वाढता वाढता त्यांनी तिचं गाव विचारलं, शिक्षण विचारलं, येताना गाडीत बसायला जागा मिळाली का तेही विचारलं.

घरी कोण कोण असतं, ते मात्र विचारलं नाही.