एक्केचाळिसावं पार्टिशन

कचेरीत तिला सगळे मोजणीताई म्हणत, आणि तोंडावर म्हणत. कारण पाठीमागे बोलावं तर तिची पाठ कधी सापडत नसे. भांडारपालाच्या खुर्चीत एकतीस वर्षं काढलेली बाई. महसूल कचेरीच्या त्या अवाढव्य दगडी इमारतीला खिडक्या दोनशे बारा, मुख्य जिन्याला पायऱ्या शहाण्णव, त्यातली एकसष्टावी हलते, हे तिला झोपेतून उठवून विचारलं तरी सांगता आलं असतं. साहेब येत, खुर्ची गरम करत आणि बदलून जात. त्या खुर्चीचा कुठला पाय नंतर बसवलेला आहे, हे मात्र ताईलाच ठाऊक.

आणि इमारत होतीच तशी, मोजत बसावी अशी. चौदा वर्षं बांधत होते म्हणे. घुमटाखालच्या मोठ्या दालनात पाऊल टाकलं की दारापर्यंत तावातावानं आलेला माणूससुद्धा आवाज खाली आणी. पुढे कागद वाढले, कागदांमागून माणसं वाढली, आणि एका वर्षात त्या दालनात लाकडी पार्टिशनांचं रान माजलं. वर घुमट तसाच डौलात, खाली कोंबड्यांची खुराडी. आता कचेरी नव्या जागी गेली होती आणि ही इमारत कलासंग्रहालय होणार होती. शिपाईमामा म्हणाले, "इतकी वर्षं लोक इथं रडत यायचे. आता तिकीट काढून येणार. घ्या!"

ताबा द्यायचा दिवस शुक्रवार. संध्याकाळी पाचला ताईनं शेवटच्या यादीवर सही करायची होती, आणि त्या यादीतली एक ओळ तिच्या घशात काट्यासारखी अडकली होती: 'मोठ्या दालनातील रंगीत चित्र, लाकडी फळीवर, अठरा फूट बाय नऊ, नग एक. गहाळ. जबाबदार: तत्कालीन भांडारपाल.'

तत्कालीन भांडारपाल म्हणजे तिचे वडील.

त्या चित्रात ही इमारत बांधणारी माणसं होती, दुपारची विसावलेली. दालनात पार्टिशनं बसत होती त्याच वर्षी, त्या काळच्या एका मोठ्या साहेबाला ती खुपली. आपल्या खुर्चीमागे घाम पुसणारे मजूर कशाला? 'तीन दिवसांत खरवडून टाकावे,' असा लेखी हुकूम निघाला. तिसऱ्या दिवशी भिंत कोरी. भांडारपालानं जबाब दिला, 'चित्र जागेवर आढळत नाही.' त्यापुढे चौकशीत एक अक्षर बोलले नाहीत. बढती अडली, आणि भांडारपालानं चित्र विकून खाल्लं असं गावभर झालं. ते नोकरीतच वारले. त्यांच्या जागी लेक लागली, तेव्हा पहिल्याच दिवशी कुणीतरी म्हणालं होतं, "हिला टाचणीसुद्धा मोजून द्या रे." तेव्हापासून ती मोजत होती. गोदाम झालं, माळे झाले, तळघर झालं. चित्र नाही.

आणि आता संग्रहालयाच्या बाई दारात इमारतीच्या इतिहासाचा फलक लावणार होत्या. "त्यात चित्राचंही येईल, ताई. कागदात आहे तेच लिहू ना आम्ही," त्या अगदी गोड आवाजात म्हणाल्या होत्या. म्हणजे आजवर वहीत मिटून असलेली चोरी उद्या भिंतीवर चढणार.

शुक्रवारी सकाळी त्याच बाई यादी घेऊन परत आल्या. "ताई, ही अशी नको हो. खोलीप्रमाणे द्या. एका खोलीत काय काय आहे ते सगळं एका पानावर, मापांसकट."

"फर्निचर आणि शोभेच्या वस्तू एकाच पानावर?"

"हो. का?"

"काही नाही. उद्या म्हणाल, साखर आणि खिळे एकाच डब्यात भरा."

फर्निचरची वही एका कपाटात, शोभेच्या वस्तूंची दुसऱ्या. दोन्ही एका टेबलावर उघड्या ठेवण्याचं पाप त्या कचेरीत कुणी केलेलं नव्हतं. ताईनं कुरकुरत केलं. मोठं दालन: चित्र, अठरा बाय नऊ, एक कमी. पुढची ओळ: पार्टिशनं, नोंदीत चाळीस, मोजणीत एक्केचाळीस.

हे जास्तीचं एक तिला पहिल्या वर्षापासून माहीत होतं. पण भांडाराचा कायदाच असा, की कमी भरलं तर चौकशी, जास्त भरलं तर चहा. दरवर्षी तपासनीस हसून पुढे जाई. मापं मात्र कधी कुणी मागितली नव्हती. भंगारासाठी शिपाईमामांनी काल केलेल्या टिपणातून तिनं ती उतरवायला घेतली. बारा बाय सात, बारा बाय सात, बारा बाय सात. एक्केचाळिसावं, अठरा बाय नऊ, वर बोटभर.

पेन थांबलं. पार्टिशनं तर सकाळीच अंगणात भंगारवाल्याकडे गेली होती.

मोजणीताईला धावताना त्या इमारतीनं तेव्हा पहिल्यांदा पाहिलं. शहाण्णव पायऱ्या तिनं न मोजता उतरल्या. अंगणात दोघं जण पहार घेऊन त्याच पार्टिशनला भिडले होते.

"थांबा! हात काढा आधी!"

"ओ बाई, पावती फाटलीये. माल माझा झाला," भंगारवाला जागचा न हलता म्हणाला.

"किती नगांची पावती?"

त्यानं खिशातून काढून पाहिली. पुन्हा पाहिली. "चाळीस."

"मग मोजा."

त्यानं बोट नाचवत मोजलं आणि कपाळावर हात मारला. "चांगली माणसं भेटली! दिल्यावर मोजतात!"

शिपाईमामांनी पेचकस आणला. बाकीची पार्टिशनं खिळ्यांवर ठोकलेली. याला पितळी स्क्रू, ओळीत, जपून बसवलेले. फळी सुटली, मागून कोरड्या कापडाचा थर निघाला, आणि त्याच्यामागून चुन्याची पाटी डोक्यावर घेतलेली एक बाई बाहेर बघू लागली. मग हातोडा उशाला घेऊन झोपलेला पाथरवट. मग अर्धा बांधलेला घुमट, बांबूंच्या पिंजऱ्यात, आणि त्याच्या सावलीत पन्नास-साठ माणसं, एकाही चेहऱ्यासारखा दुसरा नाही. रंग असे, की जणू कालच वाळलेत. मागोमाग आलेल्या संग्रहालयाच्या बाई खाली बसून एकेक चेहरा पाहू लागल्या.

ताईनं कडेची अजून न काढलेली फळी आणि चित्र यांच्यामधल्या फटीत हात घातला. चार बोटं. याच फळीवर तिनं एकतीस वर्षं रजेच्या याद्या टोचल्या होत्या. सगळ्यात लांब टाचणी दोन बोटांची. ती पोचू नये, एवढी जागा बाबांनी सोडली होती.

बातमी ऐकून इमारतीचा ताबा देणारे इंजिनिअर साहेब आले, खूश झाले, आणि मग त्यांचा चेहरा सरकारी झाला. "ताई, सापडलं हे उत्तम. पण यात वडिलांनी हुकूम मोडला, जबाब खोटा दिला, असं निघतं. त्यापेक्षा 'गोदामात आढळले' लिहा. म्हणजे 'गहाळ' हा शब्द गेला, चोरीही गेली, कुणाचंच नाव नको."

"जबाब खोटा नव्हता, साहेब. चित्र जागेवर नव्हतंच. चार पावलं पुढं होतं."

"अहो, पण कशाला उकरता? तुमचं काम तर झालं."

तिनं क्षणभर विचार केला. नाव पुसलं गेलं तर डाग जाईल, पण माणूसही जाईल. तिनं 'गहाळ'वर रेघ मारली आणि सावकाश लिहिलं: 'चित्र दालनातच होते. खरवडण्याचा हुकूम न पाळता तत्कालीन भांडारपाल यांनी ते पार्टिशनमध्ये झाकून जपले. स्थिती उत्तम.' आणि पुढे वडिलांचं पूर्ण नाव.

"हा तर कबुलीजबाब झाला," साहेब म्हणाले.

"नोंद आहे. सही इथं करा."

साहेबांनी एकदा चित्राकडे पाहिलं, एकदा तिच्याकडे, आणि सही केली. पाचला पाच मिनिटं होती.

संग्रहालय उघडलं तेव्हा दालनात एकही पार्टिशन नव्हतं. घुमटातून उतरलेला उजेड थेट फरशीवर येत होता. ताईनं चौऱ्याऐंशी वर्षांच्या आईला हाताला धरून आणलं, फलकावरचं नाव वाचून दाखवलं आणि चित्रासमोरच्या बाकावर बसवलं. आई वर घुमटाकडे बघे, मग चित्राकडे, मग पुन्हा वर. अर्धा तास गेला.

"आई, बाबांनी तुलाही कधी सांगितलं नाही?"

"कसलं सांगतायत!" आईनं पदर डोळ्यांना लावला आणि तशीच फणकारली. "जन्मभर मी मागे लागले होते, एकदा तुमची कचेरी दाखवा म्हणून. तर म्हणायचे, बघण्यासारखं काय आहे तिथं, नुसती पार्टिशनं!"