सहा जणांचा बाक

मी एक बाक बोलतोय. आठ फूट लांब, साध्या लाकडाचा, पाठीला ताठ. माझ्यावर सहा माणसं ऐसपैस बसतात, असं मला घडवणाऱ्याचं म्हणणं. मी स्वतः ते कधी पाहिलं नाही.

जिने मला करवून घेतलं तिला सगळे ताई म्हणतात. ताई याच गल्लीत वाढली. आईवडील लवकर गेले, मग ती शिकायला फार लांब गेली आणि सहा वर्षांनी ख्रिस्ताची सुवार्ता घेऊन परतली. येताना तिला वाटलं होतं, आपण दार उघडायचा अवकाश, गल्ली आत लोटेल. लोक प्रश्न विचारतील, वाद घालतील, एखादा शिव्याही देईल. सगळ्यांना द्यायची उत्तरं तिने तयार ठेवली होती. प्रत्यक्षात दार उघडलं तेव्हा आत आली ती समोरच्या किराणावाल्याची मांजर. वाद कुणी घातलाच नाही. "बरी आहेस ना बाळ?" म्हणायचे, "अगदी आईवर गेलीस हो," म्हणायचे आणि आपापल्या कामाला लागायचे. विरोध झाला असता तर तिने तो सोसला असता. या गोड बोलण्याचं काय करायचं, हे तिला कुणी शिकवलं नव्हतं.

माझा जन्म गल्लीच्या टोकाला सुतारकाकांच्या कारखान्यात झाला. कारखाना म्हणजे त्यांच्या घराचीच पुढची खोली. ताई तिथे आली तो दिवस मला आठवतो. मी तेव्हा भिंतीला टेकलेल्या चार फळ्या होतो.

"काका, दहा बाक हवेत."

"दहा? लग्न काढलंयस की काय?"

"प्रार्थनेसाठी. लोक येतील ना!"

काकांनी कानावरची पेन्सिल काढली, परत कानावर ठेवली. "आधी एक करू. तो भरला की दुसऱ्याला हात घालू."

त्यांनी रंधा मारला आणि काकूंनी कापडाच्या बोळ्याने मला पॉलिश केलं. काकूंचं लक्ष बारीक. "अहो, पुढची कड जरा गोल करा. म्हाताऱ्यांच्या मांडीला रुतते."

"तिच्या देवाला चालेल का, विचार."

"देवाचं काय मेलं? बसणार माणसं आहेत."

कड गोल झाली. मग मला दोघांनी उचलून ताईच्या खोलीत आणलं. पूर्वी ते कागदाच्या रिमांचं गोदाम होतं. एका बाजूला टेबल, टेबलावर तिचं पवित्र पुस्तक, समोर मी. मध्ये बरीच मोकळी जागा, न झालेल्या नऊ बाकांची.

दर रविवारी सकाळी दहाच्या ठोक्याला ताई उभी राहायची. लांबच्या त्या शाळेत दहा म्हणजे दहा असायचं. ती मोठ्या आवाजात वाचायची, डोळे मिटून प्रार्थना करायची, आणि डोळे उघडले की समोर मी. खरं सांगतो, अशा वेळी लाकडालाही कानकोंडं होतं. एरवी मांजर माझ्यावर झोपायची. खोली झाडायला येणारी चहावाली मावशी गरम किटली ठेवायची. तिचा एक गोल डाग माझ्या अंगावर कायमचा राहिला.

आणि माणसांत एकट्या काकू तेवढ्या यायच्या. डाव्या टोकाला बसायच्या, मांडीवर शेंगांचं भांडं. ताई बोलायची, त्या सोलायच्या.

"काकू, थोडा वेळ तरी हात थांबवा ना."

"तू बोल गं. हात गुंतलेत, कान मोकळे आहेत."

लहानपणी आई गेल्यावर ताईचे केस याच काकूंनी विंचरले होते. ताईला वाटायचं, काकू आपल्यावरच्या मायेपोटी येतात, देवासाठी नाही. म्हणून ती त्यांना मोजतच नसे. कुणी विचारलं, "किती जण येतात गं?" तर म्हणायची, "अजून कुणी नाही." हे मी डाव्या टोकाकडून ऐकलं आहे. काकूंनीही ऐकलं होतं. त्या पुढच्या रविवारी पुन्हा आल्या.

मग दोन रविवार आल्या नाहीत. ताप आहे म्हणाले. आणि गुरुवारी दुपारी गल्लीतली करवत थांबली. काकू गेल्या.

ताई पुस्तक उराशी धरून धावली. अर्ध्या तासात परत आली. माझ्यावर बसली तीही डाव्या टोकाला, आणि पुस्तक शेजारी ठेवून दिलं. काय झालं ते मला शनिवारी संध्याकाळी कळलं, कारण शनिवारपर्यंत ती कुणाशी बोललीच नाही. शुक्रवारी ती काकांच्या दारावरूनच, आत न जाता, परत आली. शनिवारीही परत आली.

संध्याकाळी मावशी झाडायला आली, झाडू टाकून माझ्यावरच बसली.

"काय बोललीस गं तू त्या माणसाला?"

"काही वाईट नाही बोलले, मावशी! मी म्हणाले, रडू नका, हा आनंदाचा दिवस आहे. काकू देवाघरी गेल्या. आणि एक गाणं म्हटलं."

"गाणं."

"तिकडे असंच करतात. आमच्या बाईंची आई गेली तेव्हा सगळे उभे राहून गायले. आठवणी सांगून हसलेसुद्धा. इतकं सुंदर होतं ते! मला वाटलं, काकांनाही धीर येईल."

"मग काका काय म्हणाले?"

ताईने माझ्यावरचा किटलीचा डाग बोटाने घासला. "म्हणाले, पोरी, तिला अजून उचललंसुद्धा नाही गं."

मावशीने पदराने तोंड पुसलं. "तू इथलीच ना? आपल्याकडे कुणी गेलं की काय करतात, विसरलीस? जाऊन बसतात. तुझी आई गेली तेव्हा हीच काकू नऊ दिवस तुमच्या भिंतीला टेकून बसली होती. एक शब्द बोलली असेल तर शपथ."

"पण माझ्याकडे सांगायला होतं, मावशी. खरं होतं ते. आजही खरं आहे."

"असेल. मी कुठे नाही म्हणते? पण मला एक सांग. तुझा तो प्रभू, तो कधी गेला होता का कुणाच्या मयताला?"

"गेला होता. मित्राच्या."

"मग काय केलं त्याने?"

ताईने पुस्तकाला हात लावला, उघडलं मात्र नाही. ते पान तिला पाठ होतं. कितीतरी वेळा तिने ते मला वाचून दाखवलं होतं, पुढच्या चमत्काराच्या ओढीने भरभर.

"बोलला," ती म्हणाली. "आशेचंच बोलला. पण रडला, मावशी. थोड्याच वेळात त्या मित्राला मेलेल्यातून उठवणार होता, तरी आधी सगळ्यांबरोबर रडला."

"आणि तू?"

ताई तीन दिवसांत रडली नव्हती. रडणं म्हणजे विश्वास कमी पडणं, असं तिने स्वतःला बजावलं होतं. आता ती मावशीच्या खांद्यावर कोसळली आणि "माझे केस विंचरायच्या गं त्या," एवढंच पुन्हा पुन्हा म्हणत राहिली. "माझ्या मंडळीत एक माणूस होतं, आणि मी सगळ्यांना सांगायचे, कुणी नाही."

मावशीने तिला थोपटलं नाही, समजावलं नाही. नुसती बसून राहिली. त्या संध्याकाळी माझ्यावर दोघी होत्या. माझ्या आयुष्यातली ही सगळ्यात मोठी सभा.

आज रविवार. ताई सकाळी लवकर आली. मावशी चुलीवरून किटली उतरवून मागोमाग.

"मावशी, जरा ते टोक धर."

"कुठे नेतेस याला? आज तुझी ती दहाची प्रार्थना ना?"

"आज दहाची प्रार्थना इथे नाही. काकांकडे येणारे तासन् तास गल्लीत उभे राहतात, आत फळ्यांमुळे बसायला जागा नाही. मीच बघितलं काल."

"आणि त्यांनी दार नाही उघडलं तर?"

"बाहेर बसेन."

"पुस्तक?"

"राहू दे टेबलावर. मला येतं ते."

"म्हणजे बोलणार नाहीस?"

ताईने माझं टोक उचललं. "काकांनी विचारलं तर सगळं सांगेन, काही लपवणार नाही. नाही विचारलं तर उद्या पुन्हा येऊन बसेन. परवाही."

"बाई गं, जड आहे हा."

"काकांनी केलाय. जड असणारच."

तर मी आता ज्या घरात घडलो त्याच घराच्या दारात आहे, भिंतीला पाठ लावून. मावशी किटलीकडे परत गेली. दार बंद आहे. आतून करवतीचा आवाज नाही, कसलाच नाही. ताई उजव्या टोकाला बसली आहे, हात मांडीवर ठेवून. येणाऱ्याजाणाऱ्याकडे बघत नाही. डावं टोक तिने मोकळं ठेवलं आहे.

तुम्ही या बाजूने आलात तर थांबा. चार जणांची जागा अजून आहे. सांत्वनाचे शब्द जुळवत बसू नका. माझी कड गोल आहे, बराच वेळ बसलात तरी रुतणार नाही.