बुंध्याखालचा हात

पाण्याखाली उतरून काम करणाऱ्या त्या बाईला धरणावरचे लोक पाणबुडीच म्हणत. "मी कुठली लोखंडाची?" ती हसून म्हणायची. मग खरोखरच लोखंडाचा एक गडी तिच्या जोडीला आला. सहा पाय, दोन पंजे, अंगाने बैलाएवढा. पहिल्याच दिवशी त्याचं नाव खेकडा पडलं. काठावर बसलेला एक तरुण लांब तारेवरून त्याला चालवायचा.

तिचा काका काठावर उभा राहून तिची हवेची नळी सांभाळायचा. हे काम तिला त्यानेच शिकवलं होतं. खेकड्याला खालून वर न्याहाळून तो म्हणाला, "याच्या भरवशावर राहू नकोस. नळी माझ्या हातात आहे, तेवढं पुरे."

"नाही राहत, काका."

आणि ती राहिलीही नाही. धरणाच्या पोटातल्या बोगद्यात, पाणी सोडायच्या दरवाजाची झिजलेली रबरी पट्टी बदलायची होती. खेकडा जड पोलादी पट्ट्या धरायचा, ती बोल्ट आवळायची. त्याचा पंजा हलला की तिचे हात आपोआप आखडायचे. काम होत होतं, पण त्याच्यापासून ती अंतर राखूनच असायची.

एका सकाळी बोगद्याच्या तोंडाशी साचलेला गाळ ढासळला. आवाज कानांआधी छातीला जाणवला. पाण्याच्या लोटाने ती आडवी झाली, आणि सावरून बघते तर दिव्याच्या उजेडात नुसता तपकिरी अंधार. डोळ्यांसमोर धरलेली बोटंही दिसेनात. टोपातला काकाचा आवाज बंद. हवाही बंद.

तिने पाठीवरच्या छोट्या सिलिंडरची चावी फिरवली. तो फार पुरणारा नव्हता. नळी सोडून द्यावी तर बाहेरची वाट दाखवणारं दुसरं काही नव्हतं. म्हणून ती नळी चाचपत निघाली आणि एका प्रचंड झाडाच्या बुंध्यापाशी थांबली. गाळाबरोबर घरंगळत आलेला तो बुंधा नळीवर बसला होता. तिने खांदा लावला. तो तसूभर हलला नाही.

तेवढ्यात जवळच खेकड्याची घरघर ऐकू आली आणि हाताखालचा बुंधा उचलला जाऊ लागला.

ती चाचपत राहिली. खाली फट झाली होती, पण नळी आत, एका मोडक्या फांदीच्या खुंटाला अडकली होती. ती सोडवायची तर खांद्यापर्यंत हात आत घालावा लागणार होता. बुंधा सुटला तर हात जाईल, आणि हातासकट ती तिथेच राहील. बुंधा धरणाऱ्याला विचारायची सोय नव्हती. तिने त्याच्या पंज्यावर तळवा टेकवला. ओझं पेलणाऱ्या जनावराच्या अंगाला असते तशी बारीक थरथर त्या लोखंडात होती. पंजा मात्र जागचा हलत नव्हता.

तिने हात आत घातला.

खुंट सापडला, पण मनगट वळायला जागा नव्हती. तिने नुसती बोटं ताणली आणि बुंधा बोटभर वर आला. तिने खांदा वळवला तसा तो तिच्यापासून थोडा पलीकडे कलला. दोन माणसं अरुंद जिन्यावरून कपाट उतरवतात, तसं चाललं होतं, फक्त न बोलता. नळी सुटली. टोपात हवा फुसफुसत आली. तिने हात बाहेर काढला, त्यानंतरच बुंधा खाली टेकला, तोही अलगद.

वरून नळीला झटका बसला. काका विचारत होता, आहेस ना. तिने उलटा झटका दिला.

काठावर आल्यावर, टोप उतरताच ती खेकडा चालवणाऱ्या तरुणाला म्हणाली, "फार सांभाळून उचललंस रे."

तो म्हणाला, "ताई, मी काहीच केलं नाही. गाळ ढासळला तेव्हाच माझी तार तुटली. माझ्यासमोर नुसता काळा पडदा होता."

एक पाय ओढत खेकडा तिच्या मागोमाग बाहेर आला होता. त्याच्या आत साठलेलं चित्रण तरुणाने काठावरच्या खोलीत पडद्यावर लावलं. गढूळ पाण्यात आवाजाच्या पडसादांवरून रेखलेलं ते चित्र होतं, करडं आणि दाणेदार. त्यात ती होती, बुंधा होता, तिची पाच बोटंसुद्धा होती. खेकड्याने बुंधा चार जागी दाबून पाहिला, तोल सापडल्यावर धरला आणि स्वतःचा एक पाय टेकू म्हणून खाली सरकवला. तो पाय वाकत गेला तरी त्याने काढला नाही. हात बाहेर आल्यावरही तो थांबला. तिचं डोकं बाजूला झाल्यावर त्याने ओझं ठेवलं.

"पुन्हा लाव," काका म्हणाला. तरुणाने पुन्हा लावलं.

"असं थांबायला याला कोणी शिकवलं?"

"आम्ही उचलायला शिकवलं," तरुण म्हणाला. "थांबायचं कधी, ते ताईंबरोबर काम करता करता त्याने उचललं असावं. दुसरं काही मला सुचत नाही."

इतके दिवस त्या काळोखात आपण एकट्याच आहोत असं धरून ती काम करत होती, आणि तिची बोटं कशी वळतात, ती कुठे अडते, हे सगळं कोणीतरी लक्ष देऊन पाहत होतं. काका बाहेर गेला आणि त्या वाकलेल्या पायापाशी उकिडवा बसून राहिला.

पाय बदलून झाल्यावर ती आणि खेकडा पुन्हा खाली उतरली. पट्टीचा शेवटचा भाग बसवताना ती मध्येच थांबली. कारण काही नव्हतं. खेकडाही थांबला. वर धरणभर पाणी, भोवती गच्च काळोख, आणि त्यात दोघं नुसती उभी. मग तिने पुढचा बोल्ट घेतला, आणि पोलादी पट्टी तिला हवी तिथे येऊन टेकली.