तळ्यातला मसालेभात

मुलांनो, डोळे मिटा आणि कोलकात्याच्या डमडममधल्या एका घरामागचं तळं मनात आणा. चार-दोन पायऱ्या, काठाला केळी, आणि पाणी कसं, तर मुगाच्या सालीसारखं हिरवं. हे पाणी घाण आहे, असं तुम्ही म्हणाल. पण ते हिरवेपण म्हणजे डोळ्यांना न दिसणाऱ्या असंख्य बारीक वनस्पती. उन्हात त्या पाण्यात प्राणवायू सोडतात, त्यावर मासे जगतात. माशांची विष्ठा तळाशी कुजते, तिचं खत पुन्हा त्या वनस्पतींना मिळतं. कुणी कुणाला न ओळखता चाललेला असा तो संसार.

तळं घरमालकिणीचं. सगळे तिला मासीमा, म्हणजे मावशी, म्हणत. मार्गशीर्षात तिच्या लेकीचं लग्न होतं आणि बंगाल्यांच्या लग्नात मोठा मासा हवाच. म्हणून तिने रोहू आणि कातला वाढवले होते. रोज संध्याकाळी ती पायरीवर उभी राहून पाण्यात बघे, दागिने घडवायला टाकलेली बाई सोनाराच्या दुकानात डोकावते तशी.

भाड्याने राहणाऱ्या मराठी कुटुंबातली कालिंदी नऊ वर्षांची. तिचे आजोबा, सदाशिवराव, वाईहून गणपतीला आले होते. गणपती बसला त्या दिवशी बराकपूरपासून भवानीपूरपर्यंतची मराठी माणसं जेवायला यायची होती. पण अचानक बंद पुकारला गेला, गाड्या थांबल्या आणि मोठं पातेलंभर मसालेभात तसाच उरला.

अन्न टाकणं आजोबांना ठाऊकच नव्हतं. वाईला उरलेला भात ते कृष्णेत माशांना घालत.

"जा गं, मुक्या जिवांच्या तोंडी घाल."

"सगळा, आजोबा?"

"सगळा. आपल्याकडे गणपती आहे, त्यांनी का उपाशी राहावं?"

कालिंदीने परातीमागून परात पाण्यात ओतली. मासे आले, तुटून पडले, पोट भरल्यावर निघून गेले. राहिलेला भात हळूहळू तळाशी बसला.

आता बघा, कृष्णा वाहते, तळं वाहत नाही. भात तिथेच कुजू लागला, आणि कुजवणाऱ्या जंतूंनाही प्राणवायू लागतो. त्यात आभाळ भरून आलेलं आणि वारा पडलेला. ऊन नाही म्हटल्यावर हिरव्या वनस्पतींचं काम मंदावलं, आणि रात्री तर त्याही प्राणवायू घेणाऱ्यांतच जमा. देणारं कुणी उरलं नाही.

पुढे एका सकाळी मासीमाची हाक ऐकून कालिंदी धावत मागे गेली. मासे पाण्यावर तोंडं काढून हवा गिळत होते. दोन तर पांढरी पोटं वर करून तरंगत होते.

"पाण्यात काय टाकलं?" मासीमाने आपल्या बंगाली वळणाच्या हिंदीत विचारलं.

"मसालेभात," कालिंदी म्हणाली.

"किती?"

"पातेलंभर."

"वा! माझ्या माशांना पंगत! वर विडे दिले की नाही?"

आजोबा हात जोडून पुढे आले. "बाई, मला वाटलं, पुण्याचं काम आहे."

"पुण्याचं नंतर बघू, काकाबाबू. आधी हा बांबू घ्या आणि पाणी झोडपा. लेकीच्या लग्नात मी पाहुण्यांना काय वाढू?"

पाणी घुसळलं की वरची हवा त्यात मिसळते. ऊन वर येईपर्यंत मासे तेवढ्यावर तग धरू शकतात. मासीमा पदर खोचून पाण्यात शिरली आणि दोन्ही हातांनी ते उसळवू लागली. आजोबा पायरीवरून बांबू आपटू लागले. पण सगळ्यात मोठे मासे केळींखालच्या कोपऱ्यात गोळा झाले होते, आणि हातातलं काम सोडल्याशिवाय तिथवर दोघांपैकी कुणालाच जाता येत नव्हतं.

"तिथे पाणी उथळ आहे," मासीमा धापा टाकत ओरडली. "पण चिखल आहे. जळवाही असतात."

कालिंदीने एकदा आजोबांकडे पाहिलं. त्यांचा बांबू थांबला नव्हता. ती काठाने पळत केळींपाशी गेली, फ्रॉक वर खोचला, कमरेइतक्या पाण्यात उतरली आणि माशांच्या मधोमध उभी राहून तळव्यांनी पाणी बडवू लागली.