अवशेषाचं शिंग

वर्ध्याहून पुण्यात संशोधनासाठी आलेली उत्कर्षा सुरुवातीला दर रविवारी गोपाळकृष्ण सरांकडेच जेवायची. सरांच्या पत्नी मंदाकिनीबाई आग्रह करकरून वाढायच्या आणि सरांच्या तोंडी एका फुटलेल्या ताऱ्याचाच विषय असायचा. स्फोटानंतर उरलेला त्याचा अवशेष रेडिओ दुर्बिणीतून बांगडीसारखा गोल दिसे. पण एका बाजूने त्याला चक्क शिंग फुटलं होतं. तारा फुटताना त्या दिशेने झोत सुटला असणार, असं सरांनी मांडलं आणि त्यावरच त्यांचं नाव झालं.

सर निवृत्त झाल्यावर उत्कर्षाने खोडदच्या सुधारलेल्या दुर्बिणीतून तोच अवशेष पुन्हा पाहिला. चित्र स्वच्छ झालं तेव्हा शिंगाच्या जागी दोन बारीक झोत दिसले, मधोमध एक ठळक ठिपका. ती एक वेगळीच दीर्घिका होती. अवशेषाच्या कितीतरी मागे असलेली, निव्वळ योगायोगाने त्याच्या कडेला दिसणारी.

सरांना घरी जाऊनच सांगायचं, असं तिने ठरवलं. पण जायची वेळ आली की काहीतरी निमित्त निघे. खरं तर तिचा जीवच धजत नव्हता. तेवढ्यात परदेशातला एक गटही हेच पाहतोय असं कळलं आणि तिने घाईघाईने शोधनिबंध इंटरनेटवर टाकला.

दुसऱ्या दिवशी ती औंधला सरांच्या घरी पोचली, तेव्हा निबंधाचे छापील कागद सरांच्या टेबलावर होते.

"या," सर म्हणाले. "आपलं काम चोख आहे. तिसऱ्या आकृतीत उत्तर दिशा उलटी पडलीय, तेवढी सुधारून घ्या."

ती उभीच राहिली. इतकी वर्षं ते तिच्याशी एकेरीतच बोलत आले होते.

"सर, मी सांगायला येणारच होते."

"चुकलो याचं वाईट नाही वाटत. सकाळी एकाने फोन करून माझं सांत्वन केलं, तेव्हा मला कळलं. ते आपल्याकडून कळायला हवं होतं."

निबंधाचं कौतुक झालं. त्यावरच्या तिच्या व्याख्यानाला सर आले, मागे बसले, एक नेमका प्रश्न विचारून चहाआधीच निघाले. ती धावत फाटकापर्यंत गेली, गाडीने सोडते म्हणाली.

"आपण थांबा. आत लोक खोळंबलेत."

पहिल्या रिक्षावाल्याने औंध म्हणताच मान हलवली. सर दुसरी रिक्षा शोधत सावकाश पुढे चालू लागले. त्यांच्याबरोबर चार पावलं जायचंही तिचं धाडस झालं नाही.