डिक्कीतले परकर

संपदाच्या नोकरीचा पहिला दिवस, आणि घरात एकही परकर नाही.

परकर पळवले होते तिच्या बापाने. दीनानाथने सकाळी लवकर उठून बायकोच्या, पद्मजाच्या कपाटातले सातच्या सात उचलले, खाली स्कूटरच्या डिक्कीत कोंबले आणि वर येऊन साळसूदपणे चहा ढवळत बसला. छप्पन वर्षांचा घोडा. साहेबाच्या खुर्चीवर उशीखाली पापड ठेवणाऱ्याला हे काय अवघड! पण एरवी असलं काही केलं की त्याच्या मिशा आधी हसायच्या. आज चहा बशीत सांडत होता.

"बाबा, आईचे पेटीकोट कुठेयत?"

"म्हणजे काय?"

"नाटक नको यार. साडीच्या आतलं ते."

"परकर म्हण. उंदरांनी नेले असतील."

"दे ना! आठला निघायचंय मला. आईची नारायणपेठी नेसणारे, ठरलंय माझं."

"अगं, इथून बॅटरी रिक्षा, मग बडखल मोडवरून मेट्रो, जनपथला उतरून कस्तुरबा गांधी मार्गापर्यंत चाल. ह्याला कुर्ता-पँट बरी. आणि खाली बूट."

"आई जायचीच ना?"

"तीसुद्धा कुर्त्यातच जायची. ओढणी घरी ठेवून," तो म्हणाला आणि त्याने जीभ चावली. पण संपदा तोवर आत गेली होती.

दहा मिनिटांत ती बाहेर आली. नारायणपेठी नेसून.

"हरलास! जीन्सवर नेसलेय. परकर ठेव तुझ्याकडेच."

खांदे थेट पद्मजाचे. पदर मागे पोटरीपर्यंत मोकळा.

"पदर खोच," दीनानाथ म्हणाला.

"खोच म्हणजे?"

तो उठला आणि दाराला पाठ लावून उभा राहिला. "काढ ती साडी."

"बस झालं बाबा. हट ना, चलो."

"आई चक्कर येऊन पडली नव्हती, संपू."

संपदा हसायची थांबली. तीन वर्षांपूर्वी ती पुण्याला हॉस्टेलवर होती. चक्कर आली, रिक्षातून पडली, गेली, एवढंच तिला फोनवर कळलं होतं, आणि नंतरही कोणी जास्त विचारलं नव्हतं.

"मी एक नवं सिम घेतलं होतं," दीनानाथ सांगू लागला. "तिच्या ऑफिसच्या नावाने मेसेज टाकला. उद्या मोठे साहेब येणार, सगळ्या लेडीजनी सिल्कच्या साडीत या. म्हटलं, अख्ख्या ऑफिसात ही एकटीच नटून जाईल, सगळे विचारतील, आज काय आहे म्हणून. संध्याकाळी येऊन माझी चंपी करेल." तो थांबला. "सकाळी कुरकुरत होती. ह्यात रिक्षात कशी चढू म्हणाली. मला विचारलं, बरी दिसतेय ना? मी ओठ दाबून म्हटलं, एकदम नवरी."

"मग?"

"वळणावर पदर चाकात गेला. ओढली गेली ती."

खाली भाजीवाल्याची आरोळी आली आणि पुढच्या गल्लीत गेली.

"ती हसली असती का?" संपदाने विचारलं. "संध्याकाळी?"

"आधी लाटणं फेकलं असतं. मग हसली असती. सोसायटीभर सांगत फिरली असती."

संपदाने खांद्यावरची पिन काढली. निऱ्या सुटल्या. दीनानाथने सवयीने वाकून साडीचं एक टोक उचललं. पद्मजासोबत घडी घालताना ते त्याच्याकडेच असायचं. त्याच्या हाताकडे बघत संपदाने आपलं टोक फरशीवर ठेवलं आणि ती आत गेली.

कुर्ता, पँट, बूट घालून ती बाहेर आली.

"मेट्रोपर्यंत सोडू स्कूटरवर?"

"नको."

"डबा?"

डबा तिने घेतला. लिफ्टचं बटण दाबलं, पण वाट न बघता जिन्याने उतरली.

बाल्कनीतून तो बघत राहिला. दोन्ही कडा सोडून ती रिक्षाच्या अगदी मधोमध बसली, बॅग पोटाशी धरून. वर बघितलं नाही. रिक्षा वळणाआड गेली तरी त्याची पकड कठड्यावरून सुटेना.

मग तो आत आला. साडी फरशीवर तशीच होती. एकट्याने घडी घालायला बसला, पण एक टोक धरलं की दुसरं घसरत होतं. सहा वार कापड. साडेनऊ वाजले, तरी घडी बसली नव्हती.